अण्णांच्या राहुलच्या विमानाविषयी

नाशिक

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक असून रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. अण्णा गेल्यानंतर जे मी फक्त तुझ्याशीच बोलू शकतो, असे काही घडले आहे, म्हणून लिहितो.

राहुल दोन भागीदारांसह एक जुने विमान घेतो आहे. सत्तरच्या दशकातले पायपर चेरोकी आहे आणि बयाणाही देऊन झाला आहे. उड्डाणाचे तास थोडे, रंग नवा कोरा, म्हणून तो हरखून गेला आहे. मला मात्र याच दोन गोष्टींची धास्ती वाटली. विमान किती उडाले ते लॉगबुकात कळते, पण समुद्रकाठी उघड्यावर त्याने किती पावसाळे काढले ते त्यात नसते. नव्या रंगाला आधी नखाने टोचून पाहा, असे ओझरला अण्णा सांगत, ते तिथल्या विमान कारखान्यातले बोल तुला आठवत असतीलच.

मी मागची सीट काढायला लावली. (‘याने पुन्हा सीट काढली!’ म्हणून तू हसशील, हसून घे.) चेरोकीचा मुख्य स्पार, म्हणजे पंखांचा भार पेलणारी तुळई, तिथूनच आडवा जातो. आवाज रोखणारी लोकर ओलसर होती, उंदरांनी तिच्यात घर केले होते, आणि त्यांच्या मूत्रानेही ॲल्युमिनियम खाल्ले जाते. लोकर दूर केली तेव्हा स्पारच्या खालच्या पट्टीच्या कडेला करडी-पांढरी भुकटी दिसली, आणि तिच्याखाली धातू खारी बिस्किटाच्या पापुद्र्यांसारखा सुटत होता.

राहुल म्हणतो, ‘काका, घासून रंग दिला की झाले.’ त्याला कसे समजवावे? ‘२०२४’ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूला तांब्यामुळे ताकद येते आणि त्याच तांब्यामुळे तो क्षरणाला, म्हणजे गंजण्याला, लवकर बळी पडतो. पत्र्याला शुद्ध ॲल्युमिनियमचा थर तरी असतो, स्पारच्या जाड पट्ट्यांना तोही नसतो. क्षरण धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरते, त्यामुळे वरचे पापुद्रे काढून टाकल्यावर उरलेली जाडी मोजून ती मॅन्युअलच्या मर्यादेत बसते का हे पाहावेच लागते. न बसल्यास स्पार बदलायचा, आणि तो खर्च विमानाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

मी त्याला २६ मे २०१९ची ऑस्ट्रेलियातली माउंट आयझाजवळची घटना सांगितली. सर्वेक्षण करणाऱ्या सेस्ना टी-२१०चा पंख उडतानाच तुटला आणि आतले दोघेही गेले. केबिनच्या छतातून जाणाऱ्या स्पारवर क्षरणाने पडलेल्या एका बारीक खड्ड्यातून थकव्याची, म्हणजे वारंवारच्या ताणाने वाढत जाणारी, भेग सुरू झाली होती. त्यावर तो म्हणाला, ‘ते सेस्ना, हे पायपर.’ मग मी त्याला दाखवले की, पायपरच्या या मालिकेतही मुख्य स्पारचे क्षरण तपासण्याचा अमेरिकी नियामकाचा आदेश आहे, आणि आत पाहण्यासाठी उघडता येणारी तपासणीची झडप नसेल तर पंखाच्या खालच्या पत्र्यात ती बसवायची आहे. या विमानात ती झडप नाही, म्हणजे पंखातला स्पार कोणी नीट पाहिलाच नसावा. तेव्हापासून राहुल माझ्याशी कामापुरतेच बोलतो.

आपले जुने भांडण आठवते? आतल्या क्षरणाने रिव्हेटच्या ओळींमध्ये पत्र्याला फुगवटा आला आहे का, हे बोट फिरवून कळते असे तू म्हणायचास, आणि मी टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात पाहायचो. या विमानाच्या डाव्या पंखाखाली मला उजेडात फुगवटा दिसला, आणि तुझे बोट तिथे काय सांगेल याचाच विचार मी करत राहिलो.

सगळे उघडून मोजले जात नाही तोवर तपासणीच्या कागदावर माझी सही होणार नाही, असे मी त्याला लेखी दिले आहे. तो सहीसाठी दुसरा कोणी शोधेल, या भीतीने झोप लागत नाही. अण्णांच्या घरचा एकच मुलगा आहे तो, दत्ता.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन कसे झाले? मेघनाच्या साखरपुड्याची तारीख कळव. आणि शनिवारी ये. तो तुझे ऐकतो. एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने धातूतल्या भेगा शोधणे) करणाऱ्या तुझ्या ओळखीच्या माणसालाही घेऊन ये. त्याचे पैसे मी देईन, राहुलला ते सांगू नकोस.

तुझा,
वसंत