टॉलवर्थच्या काकांना

काका,

परवा तुम्ही फोनवर म्हणालात की सामान बांधून झालं, आता लेकीकडे लीड्सला कायमचं. मी नुसतं "हो का, बरं बरं" केलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जे बोलायचं होतं ते सगळं तसंच राहिलं. समोर आलात की मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहितीय, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, चार लोकांना कळू दे तुम्ही माझ्यासाठी काय केलंय ते.

२८१ ची बस, नोव्हेंबर महिना, चार वाजताच अंधार. मी आईशी फोनवर बोलत होतो, जेवलो गं, हो पोटभर जेवलो, असं धडधडीत खोटं सांगत होतो आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "कोल्हापूरचा का रे?" इंग्लंडमध्ये येऊन दोन महिने झालेले, ऑफिस सोडलं तर माझ्याशी कोणी स्वतःहून बोललेलं ते पहिलंच. शनिवारी काय करतोस विचारलंत, मी म्हटलं काही नाही, तर म्हणालात मग मॅचला चल, कोल्हापूरचं पोरगं आणि फुटबॉल बघत नाही म्हणजे काय.

मला वाटलं चेल्सी नाहीतर फुलहॅम. आणि तुम्ही नेलंत कोरिंथियन-कॅज्युअल्स नावाच्या छोट्या क्लबच्या मॅचला, लंडनच्या टॉलवर्थ भागातल्या किंग जॉर्जेस फील्डवर, ए-थ्री हायवेच्या कडेला, छोटासा स्टँड, बाकी सगळे कठड्याला टेकून उभे. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात, ते बघून मोठा झालेला मी, मला ही गर्दी बघून वाईट वाटलं, आणि चॉकलेटी-गुलाबी जर्सी तर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. हाफटाइमला चहाचा कप हातात दिलात आणि म्हणालात, आता ऐक, हा कुठला क्लब आहे ते.

काका, ती पंधरा मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. म्हणालात की मूळ कोरिंथियन क्लब १८८२ चा, स्कॉटलंडला हरवायची ताकद इंग्लंडला यावी म्हणून एन. लेन जॅक्सन नावाच्या माणसाने चांगले चांगले हौशी खेळाडू एकत्र केले. १८८४ ला ब्लॅकबर्न रोव्हर्सला ८-१ ने हरवलं, १९०४ ला मँचेस्टर युनायटेडला ११-३, आणि १८९४ आणि १८९५ ला वेल्सविरुद्ध इंग्लंडचे अकराच्या अकरा खेळाडू कोरिंथियनचे होते. एवढं असून बरीच वर्षं कप-स्पर्धांमध्ये उतरायचेच नाहीत, बक्षिसासाठी खेळायचं नाही असा नियम. समोरच्यांना पेनल्टी मिळाली की यांचा गोलकीपर खांबाला टेकून नुसता उभा राहायचा, ती गोष्ट सांगताना तर तुम्ही स्वतः तसे उभे राहिलात, कारण मुद्दाम फाउल करणं ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती, झालाच असेल फाउल तर घ्या तुमचा गोल, आम्ही अडवणार नाही. सी. बी. फ्राय पण याच क्लबचा, आपल्या रणजितसिंहजींचा ससेक्समधला जोडीदार, हे मला क्रिकेटवाल्या माणसाला माहीतच नव्हतं.

मग १९१० चा ब्राझील दौरा. यांचा खेळ बघून साओ पावलोच्या बोम रेतिरो भागातल्या पाच रेल्वे कामगारांनी त्याच वर्षी १ सप्टेंबरला आपला क्लब काढला आणि नाव यांचंच घेतलं, कोरिंथियन्स! त्या क्लबने २०१२ मध्ये चेल्सीला हरवून क्लब वर्ल्ड कप जिंकला आणि इकडे मूळचा क्लब, १९३९ ला कॅज्युअल्स नावाच्या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन होऊन कोरिंथियन-कॅज्युअल्स झालेला, टॉलवर्थच्या चिखलात खेळतोय आणि अजूनही एकाही खेळाडूला पैसे देत नाही. १९८८ ला हे ब्राझीलला गेले तेव्हा ब्राझीलच्या दिग्गज सोक्रातिसने यांच्याविरुद्ध गोल मारला आणि मग जर्सी बदलून यांच्याकडून खेळला, हे सांगताना तुमचा आवाज बसला होता काका, मी बघितलं होतं.

पण मला खरं घट्ट धरून ठेवलं ते अँड्र्यू वॉटसनने. ब्रिटिश गयानात जन्मलेला काळा माणूस, १८८१ ला स्कॉटलंडचा कॅप्टन, इंग्लंडला इंग्लंडमध्येच ६-१ हरवलं, आणि नंतर तोच लंडनला येऊन कोरिंथियनकडून खेळला, ब्लॅकबर्नच्या त्या ८-१ मध्ये पण होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "आपल्यासारखे लोक इथे आज आले नाहीत रे." त्या आठवड्यात आमच्या घरमालकाने मला जे ऐकवलं होतं ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. तरी तुम्ही नेमकं तेच बोललात.

पुढच्या शनिवारी मी एकटाच आलो आणि तुम्ही काही न विचारता माझ्या हातात मॅचच्या प्रोग्रॅमचा, म्हणजे माहितीपुस्तिकांचा, गठ्ठा ठेवलात. तिथून सुरू झालं. गेटवर उभं राहणं, मॅच संपल्यावर कोपऱ्यातले झेंडे काढणं, पाऊस पडला की मैदान बघायला सकाळी आठला येणं. कोणी पैसे घेत नाही, ना मैदानातले ना बाहेरचे, आणि म्हणूनच कोणी कोणाला तू इथे कशाला असं विचारत नाही. हे मला घरी माहीत होतं, आमच्याकडे तालमीची पोरं वर्गणी काढून टीम उभी करतात, इथे येऊन परत सापडेल असं वाटलं नव्हतं.

२०२३ ला रेलीगेट झालो, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलो, तेव्हा मी रडवेला झालेलो आणि तुम्ही मला १९५६ ऐकवलंत, वेम्बलीवर अॅमॅच्युअर कपची, म्हणजे हौशी क्लबांच्या कपची, फायनल बिशप ऑकलंडशी १-१, मिडल्सब्रोला रिप्ले आणि तिथे ४-१ ने हार. म्हणालात, तेव्हा क्लब संपला नाही तर आता काय संपतोय, चल खुर्च्या आत घे.

लॉकडाऊनमध्ये बाबा गेले, मला जाता आलं नाही. त्या रात्री तुम्ही फाटकाबाहेर दोन मीटरवर उभे राहून पिठलं-भाताचा डबा कट्ट्यावर ठेवलात आणि मी जेवेपर्यंत थंडीत उभे होतात. याबद्दल मी तुम्हाला आजवर एक शब्द बोललो नाही. आज बोलतो. काका, थँक्यू. खूप खूप थँक्यू.

तुमचा मफलर माझ्याकडेच राहिलाय, परत मागू नका. गेटवर आता मी आहे, घरची मॅच असली की हाफटाइमला फोन करीन, उचला. आणि लीड्सला थंडी जास्त आहे, गुडघ्याचा पट्टा बांधत जा.

तुमचा,
२८१ मधला कोल्हापूरकर