कुस्ती कुणाशी?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "या वयात वजनं उचलून कुणाशी कुस्ती धरणार आहेस?" मी हसण्यावारी नेलं. खरं उत्तर तोंडानं सांगवलं नसतं.

श्रावणात तुम्ही न्हाणीत घसरलात, तेव्हा मी कोल्हापुरातच होते. हाड मोडलं नव्हतं. "उठव गं," म्हणत होतात. मी काखेत हात घातले, आईनं पाय धरले. तीनदा जोर लावला. ओल्या शहाबादी फरशीवर माझेच पाय सरकत होते. शेजारची पोरं येईपर्यंत तुम्ही पंचाचं टोक मुठीत धरून बसला होतात, माझी नजर चुकवत. ज्यांच्या खांद्यावर बसून मी खासबागेतल्या कुस्त्या पाहिल्या, ते मला वीतभर हलले नाहीत.

त्याआधी दोनदा जिम लावली होती. एकदा पोटासाठी, एकदा भाचीच्या लग्नासाठी. लग्न झालं, जिम संपली. या खेपेला अकरा महिने झाले, अजून सुटलेली नाही. डेडलिफ्ट, म्हणजे वजनाचा दांडा जमिनीवरून उचलणं, ६० किलोवर आलीय. पण दांड्याला धरायला जागा असते, माणसाला नसते. म्हणून वाळूची गोणीही उचलते. ती अंगावर कलंडते, हातातून निसटते. सध्या ४० किलोची. तुमचं वजन ६८. हिशेब तुम्हीच करा.

आणि एवढं करून कळलं काय, तर पडलेल्याला तसं काखेत धरून ओढायचंच नसतं! त्याचा खांदा दुखावतो, आपली कंबर धरते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जमिनीवर झोपवून शिकवलं: आधी कुठं लागलंय ते बघायचं. लागलं नसेल तर कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर रांगत खुर्चीपाशी यायचं, बैठकीवर दोन्ही हात रोवायचे, चांगला पाय पुढे टाकून उठायचं. दुसऱ्यानं नुसता आधार द्यायचा. म्हणजे माझी गोणी एकीकडे, निम्मी ताकद तुमच्याच मांड्यांत हवी.

तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर आणखी वेगानं. पण सत्तरीतही व्यायामानं ताकद वाढते. तालमीतल्या तुमच्या बैठकांच्या गोष्टी ऐकून आम्ही मोठे झालो. आता खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा. तेवढंच.

आई, तू हसू नकोस. जेवणावरून उठताना हल्ली तू भिंत धरतेस, मला दिसतं.

शनिवारी येतेय. न्हाणीत आधाराची दांडी बसवायची आहे, गवंड्याला सांगून ठेवा. उठण्याच्या व्यायामाला ती प्लॅस्टिकची खुर्ची मात्र घेऊ नका, सरकते. माळ्यावरची आजोबांची सागवानी खुर्ची मी आल्यावर काढीन. तुम्ही दोघं चढू नका. जड आहे, पण उचलेन.

तुमची,
चिमी