नुसत्या रेघा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

चित्रकार नसरीन मोहमदींची चित्रं बघून परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, नुसत्या रेघा आहेत! आमच्या आलेखाच्या वहीत याहून जास्त असतात." मी गप्प बसलो. तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नुसत्या रेघाच ओढल्या, त्यामुळे जरा लागलंही असेल.

नसरीन मोहमदींची ती चित्रं परत उघड. सारख्या अंतरावरच्या रेघा असल्या की कागद सपाट राहतो. अंतर कमी कमी होत गेलं की तोच कागद मागे कलतो. यात जादू नाही, तुझंच गणित आहे. रुळांखालचे स्लीपर चित्रात काढायचेत समज. पहिला डोळ्यापासून जितका लांब, तितक्याच अंतराने पुढचे. कागदावर क्षितिजापासून पहिला १२ सेंटिमीटरवर घेतलास, तर दुसरा ६ वर, तिसरा ४, चौथा ३. बाराला एक, दोन, तीन, चारने भागत जायचं, बस.

पण लोक नसरीनबाईंच्या चित्रांना "भूमिती" म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. भूमितीतल्या रेघेला जाडी नसते, शाईच्या रेघेला असते. शून्य दशांश एक मिलिमीटरचं पेन ट्रेसिंग पेपरवर क्षणभर थबकलं की ठिपका पडलाच. मग ब्लेडने खरवडत बसा, आणि खरवडलेल्या जागी पुढची रेघ फुटते. आमच्या ऑफिसात रेघ ओढताना कुणी हाक मारली तर आम्ही ओ देत नसू. श्वाससुद्धा रेघ संपल्यावर.

आणि या बाईंचा हात मज्जासंस्थेच्या आजाराने थरथरत होता! जन्म १९३७ चा, कराचीतला. शिक्षण लंडनला, १९७२ पासून बडोद्याला शिकवत होत्या. आजार वाढला तरी ड्राफ्टिंगच्याच उपकरणांनी काम चालू. आधीच्या दाट जाळ्या १९८० नंतर विरत गेल्या, कोऱ्या कागदावर मोजक्या तिरक्या रेघा आणि कमानी राहिल्या. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. २०१६ साली न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर संग्रहालय उघडलं, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक यांचं होतं.

१९९० साली त्या वारल्या, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. आपण तिथे गेलो होतो, आठवतंय? तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. ओहोटीने वाळूवर उठलेल्या वळ्या पावलांनी मोजत होतीस आणि मध्येच अंतर बदललं म्हणून समुद्रावर रुसलीस.

माळ्यावरून बोर्ड खाली काढलाय. टी-स्क्वेअरची पट्टी पुसली, पेन कोमट पाण्यात घातलंय, शाई पार वाळून बसली होती. सुट्टीत आलीस की बारा, सहा, चार, तीन ओढून बघ. पेन्सिलीने नाही, शाईने. ब्लेड मी देतो.

तुझा,
बाबा