नवशिक्यांचा जॅझ नाचाचा क्लास न कळवता बदलल्याबद्दल तक्रार

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

महोदय / महोदया,

आपल्या टिळकवाडी शाखेत ‘जॅझ : नवशिक्यांसाठी’ या बॅचला मी ९ सप्टेंबरला नाव घातले. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा वाजता, तीन महिन्यांत २४ तास. ५,४०० रुपये एकरकमी भरले, पावतीची प्रत जोडली आहे. पहिले नऊ तास जे सांगून पैसे घेतले तेच शिकवले गेले. १४ ऑक्टोबरपासून ते बंद झाले.

मी ४७ वर्षांची आहे, वडगावला राहते आणि खडेबाजारात साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिते. दिवसाचे आठ-नऊ तास बसून जातात. डॉक्टरांनी सांगितले होते की आठवड्याला निदान १५० मिनिटे, जरा धाप लागेल पण बोलता येईल, इतपत व्यायाम हवाच. बेळगावात जूनपासून गणपती होईपर्यंत संध्याकाळी फिरायला जाणे होत नाही. जिममध्ये मन रमले नाही. नाचाची हौस मात्र लहानपणापासून होती, ती मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीपुढे कधी गेली नव्हती. म्हणून आपले पत्रक वाचले तेव्हा ‘पूर्वी कधीही न नाचलेल्यांसाठी’ या चार शब्दांवर विश्वास ठेवून मी आले.

त्या नऊ तासांबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपण काय काढून घेतले ते त्याशिवाय कळणार नाही. आमच्या मॅडम पहिली पंधरा मिनिटे नाचच घेत नसत. आधी मान, मग खांदे, मग बरगड्या, मग कंबर. एक भाग हलवायचा आणि बाकीचे अंग स्थिर ठेवायचे. याला आयसोलेशन म्हणतात. मग जॅझ स्क्वेअर : उजवा पाय डाव्यावरून पुढे, डावा मागे, उजवा बाजूला, डावा पुढे, झाला चौकोन. तो जमेपर्यंत त्या पुढे गेल्या नाहीत. शॅसे, म्हणजे एका पायाने दुसऱ्याचा पाठलाग करत सरकण्याची चाल, तिसऱ्या आठवड्यात आली. आठ मोजताना त्या निम्मे कानडीत आणि निम्मे मराठीत मोजायच्या : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, पाच, सहा, सात, आठ! आमच्यात दोन्ही भाषा बोलणाऱ्या आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्याच जणी तसे मोजू लागलो. घाम निघायचा, पण क्लास सुटल्यावर मी हसत दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत चालत यायची. दसऱ्याला घरच्यांना चौकोन करून दाखवला.

मॅडमनी एकदा लुइजी यांची गोष्ट सांगितली होती. १९४६ साली अमेरिकेत मोटारीच्या अपघातात या नर्तकाचे अर्धे अंग लुळे पडले. पुन्हा उभे राहण्यासाठी त्यांनी स्वतःपुरते जे व्यायाम बसवले, त्यातूनच पुढे जगभर शिकवली जाणारी जॅझची एक पद्धत तयार झाली. मी ती गोष्ट धरून बसले आहे. अंग तयार करणे हा या नाचाचा पायाच आहे, वेळ उरला तर करायची गोष्ट नाही.

१४ ऑक्टोबरला गेलो तर मॅडमची धारवाडला बदली झाली होती. आम्हाला सातच्या जुन्या बॅचमध्ये मिसळले होते. लाकडी फ्लोअरचा हॉल दुसऱ्या क्लासला गेला आणि आम्ही खालच्या मजल्यावर, टाइल्सच्या खोलीत. यातले एकही आधी कळवले नव्हते. नव्या सरांना वार्षिक कार्यक्रमाचा नाच बसवायचा होता, त्यामुळे पहिल्या तीन मिनिटांतच गिरक्या आणि उड्या सुरू झाल्या. त्या तरुण मुलाला मी दोष देत नाही. त्याला जे काम दिले ते तो करत होता. पण काँक्रीटवरची टाइल उडीचा मार शोषत नाही, तो सगळा गुडघ्यांना आणि नडग्यांना बसतो. नवशिक्यांना तिथे उडी मारायला लावणे चूक आहे. आमच्यातल्या एकीला ‘जमत नसेल तर मागे उभ्या राहा’ असे सांगण्यात आले. त्या पुन्हा आल्या नाहीत. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण मागे उभे राहायची सवय मोडायलाच त्या आल्या होत्या.

२८ ऑक्टोबरला, दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला, गिरकी घेताना माझा उजवा घोटा मुरगळला. हाड मोडले नाही, पण तीन आठवडे विश्रांती घ्यावी लागली. खोलीत बर्फसुद्धा नव्हता.

शाखेत पैसे परत मागितले तेव्हा पावतीची मागची बाजू दाखवली : शुल्क परत मिळणार नाही, वेळापत्रक बदलण्याचा हक्क कंपनीचा. पत्रक कानडीत आणि मराठीत, आणि अटी तेवढ्या बारीक इंग्रजीत, हे मला पटत नाही. शिवाय वेळापत्रक बदलणे वेगळे आणि नवशिक्यांचा क्लासच बंद करणे वेगळे. कबूल केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला जाता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. तिथे जाण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी आपल्याला लिहीत आहे.

माझी पहिली मागणी पैशांची नाही. नवशिक्यांची बॅच पुन्हा वेगळी करा, लाकडी फ्लोअरवर घ्या आणि अंग सैल करायला पूर्ण पंधरा मिनिटे द्या. तसे होणार असेल तर राहिलेले पंधरा तास मी आनंदाने पूर्ण करीन. १४, १६ आणि २८ ऑक्टोबरचे तीन तास मी धरलेले नाहीत, कारण तो मी घेतलेला क्लास नव्हता. हे जमणार नसेल तर तासाला २२५ प्रमाणे ३,३७५ रुपये आणि डॉक्टरांच्या बिलाचे ८५० रुपये, असे एकूण ४,२२५ रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. बॅचमधल्या नऊ जणींनी या पत्रावर सह्या केल्या आहेत. त्यांचाही हिशेब याच पद्धतीने करावा.

मॅडम धारवाडहून आठवड्यातून दोनदा येऊ शकणार असतील, तर तेवढे सगळ्यात आधी कळवा. माझा घोटा आता बरा आहे.

आपली ग्राहक,
मंगळवार-गुरुवार सहाच्या बॅचची विद्यार्थिनी,
वडगाव, बेळगाव

सोबत : पावती, पत्रक आणि डॉक्टरांच्या बिलाची प्रत