सिकलसेल आणि जनुकाची कात्री : मंदारला पत्र

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेलमध्ये बिघडलेलं जनुक आता दुरुस्त करतात म्हणे, ते नेमकं कसं, असं तू विचारलं आहेस. खरं तर ते दुरुस्त करतच नाहीत. कॅसगेव्ही या उपचाराला २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजुरी दिली, पण त्यात जनुकातल्या बिघडलेल्या अक्षराला कुणी हात लावत नाही. कात्री चालते ती दुसऱ्याच ठिकाणी.

आधी चूक काय आहे ते बघ. बीटा ग्लोबिन ही हिमोग्लोबिनमधली एक प्रथिन-साखळी. तिच्या जनुकात एका जागी डीएनएची 'जीएजी' ही अक्षरं हवीत तिथे 'जीटीजी' असतं. एवढ्या एका अक्षराने साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं, व्हॅलीनला मानवत नाही. ऊतींना ऑक्सिजन देऊन झाला की हे व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन बसतं, त्याचं पुढच्याच्या, आणि बघता बघता पेशीभर ताठ धागे तयार होतात. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदनेचा झटका येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत फुटते.

हा आजार असलेल्या बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही? जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच याचं उत्तर सुचवलं होतं. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि ती धाग्यात नीट बसत नाही, उलट धागा तोडते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचा नळ बंद होतो, बीटाचा सुरू होतो. गॅमाचं जनुक मात्र आयुष्यभर शाबूत राहतं, फक्त दाबून ठेवलेलं.

दाबून कोण ठेवतं? बीसीएल११ए नावाचं प्रथिन. २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने ते दाखवून दिलं. मग ते प्रथिनच काढून टाकावं, असं तुझ्या मनात येईल. तसं करता येत नाही, कारण मेंदूच्या वाढीला आणि प्रतिकारशक्तीच्या बी पेशींनाही ते लागतं. सगळ्या संशोधनातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट इथे आहे. या जनुकाच्या आतच एक तुकडा आहे, जो फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींमध्ये जनुकाला जोर देतो. गाटा१ नावाचं प्रथिन त्या तुकड्यावर एका ठरलेल्या जागी येऊन बसतं. ती जागा मोडली की तांबड्या पेशींपुरतं बीसीएल११ए घटतं, इतर पेशींत त्याचं काम चालूच राहतं.

आता कात्री. कॅस९ हे मूळचं जिवाणूंचं प्रथिन. त्याच्या जोडीला २० अक्षरांचा पत्ता लिहिलेला गाइड आरएनए असतो. पत्ता जुळला, आणि लगेच पुढे कुठलंही एक अक्षर व त्यानंतर दोन 'जी' आले, तरच ते डीएनएचे दोन्ही धागे कापतं. शार्पांतिए आणि डाउडना या शास्त्रज्ञ बाईंनी २०१२ मध्ये ही जोडी परीक्षानळीत हवी तिथे चालवून दाखवली, २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कापलेली टोकं पेशी घाईघाईने जोडते, त्या गडबडीत दोन-चार अक्षरं गळतात किंवा वाढतात. गाटा१ची जागा मोडायला एवढी चूक पुरते. 'टी' पुसून 'ए' लिहायचं असतं तर मात्र बरोबर मजकुराचा नमुना आत द्यावा लागला असता, आणि पेशीने तो बघून दुरुस्ती करावी लागली असती. पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच बहुतेक हे करते, अस्थिमज्जेतल्या खऱ्या मूळपेशी, ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात, त्या तर बराच काळ स्वस्थ पडून असतात. म्हणून हा आडवळणाचा मार्ग.

खरा घाम गाळावा लागतो तो कात्रीच्या मागच्या-पुढच्या कामाला. आधी किमान आठ आठवडे रक्त देऊन विळ्याचं हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली ठेवतात. मग प्लेरिक्साफॉर हे औषध टोचून रुग्णाच्याच मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरवतात आणि यंत्राने गाळून घेतात. इतर आजारांत यासाठी जी-सीएसएफ हे औषध सर्रास वापरतात, इथे ते वर्ज्य. त्याने पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि सिकलसेलच्या रुग्णाला जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. एकट्या प्लेरिक्साफॉरने पेशी एका खेपेत पुरेशा मिळतीलच असं नाही. मग निदान १४ दिवस थांबून पुन्हा तीच खेप. परत देताना शरीराच्या दर किलो वजनामागे किमान ३० लाख पेशी लागतात. शिवाय न कापलेल्या पेशी किलोमागे २० लाख वेगळ्या राखून ठेवाव्या लागतात. नव्या रुजल्या नाहीत तर रुग्णाला वाचवायला त्याच कामी येतात.

प्रयोगशाळेत पेशींना विजेचा क्षणिक झटका देतात, त्याने आवरणाला छिद्रं पडतात आणि कॅस९ व गाइड आत शिरतात. प्रथिन तयारच आत सोडलेलं असल्याने ते थोड्याच काळात विरून जातं. कात्री फार वेळ आत राहिली तर भलतीकडे कापण्याची भीती वाढते, विशेषतः त्या दोन 'जी'पासून लांबच्या टोकाला पत्ता एखाद-दुसऱ्या अक्षराने चुकला तरी ती फसू शकते. तपासण्या धरून हे काम सहा महिन्यांपर्यंत चालतं. पेशी द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवून ठेवतात.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत कठोर. जुनी मज्जा जागेवर असेपर्यंत नव्या पेशींना थारा मिळत नाही. म्हणून चार दिवस शिरेतून बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन ती रिकामी करतात. तोंड सोलवटतं, केस जातात, आणि मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून स्त्रीबीजं किंवा शुक्राणू आधीच गोठवून ठेवायला सांगतात. किमान दोन दिवसांनी, पण सात दिवसांच्या आत, पेशींची पिशवी ३७ अंशांवर वितळवून २० मिनिटांत शिरेतून देतात. पांढऱ्या पेशी सावरायला साधारण चार आठवडे, प्लेटलेट्सना पाच. तोवर साधा जंतुसंसर्गही घातक, म्हणून मुक्काम रुग्णालयात.

फळ काय मिळालं? मंजुरीच्या वेळी पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने किंवा अधिक काळ एकही तीव्र झटका आला नाही. त्यांच्या रक्तातलं सुमारे ४० टक्के हिमोग्लोबिन बाळपणीचं झालं होतं. वर्षानुवर्षं वेदनेत काढलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण बिघडलेलं जनुक तसंच आहे आणि ते मुलांकडे जाऊ शकतं, हे रुग्णाला स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

'नुसतं इंजेक्शन देऊन का होत नाही?' हा तुझा दुसरा प्रश्न. यकृतासाठी ते झालं आहे. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात सीपीएस१ या विकराची उणीव असलेल्या एका बाळाला, केवळ त्याच्यासाठी सहा महिन्यांत घडवलेलं औषध दिलं. त्यात धागे तोडणारी कात्री नव्हती, एकच अक्षर बदलणारा संपादक होता, आणि तो चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांतून शिरेवाटे गेला. हे गोळे रक्तात शिरले की त्यांच्यावर एपोई हे प्रथिन चढतं, आणि यकृताच्या पेशी ते ओळखून गोळे आत ओढतात. मज्जेतल्या मूळपेशी असं ओढून घेत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावरची खूण ओळखणारी प्रतिपिंडं गोळ्यांवर लावून बघण्याचे प्रयत्न प्राण्यांवर सुरू आहेत. ते जमलं तर बुसल्फानची गरज उरणार नाही. मी या विषयात सध्या सर्वांत बारकाईने वाचतो ते हेच.

तुझा,
अविनाश