कॅमेरा कोणता, हे शेवटी विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेली छायाचित्रे येतात. ती कापून मी वहीत चिकटवते. तिसरी वही आता भरत आली आहे. प्रत्येक छायाचित्राखाली काढणाऱ्याचे नाव असते आणि कॅमेऱ्याचे मॉडेल असते. बाकी काही नसते. त्याविषयी एक विनंती करायची आहे.

मी निवृत्त गणित शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी कॅमेरा हाती घेतला. आम्ही दहा-बारा हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमतो, आपापली छायाचित्रे एकमेकांना दाखवतो. सगळी जीव लावणारी माणसे आहेत. पण चित्र समोर आले की पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा कोणता?" दुसरा: "लेन्स?" आणि चित्र फसले असेल तर सल्लाही ठरलेला, की आता नवीन घ्या.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती अजून सुईत दोरा स्वतः ओवते. एका दुपारी ओवता ओवता तिचा हात थांबला, श्वास रोखला गेला, ओठ किंचित मुडपले, आणि ते मला टिपायचे होते. एकूण सात फ्रेम घेतल्या, सातही हलल्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मि.मी.ची लेन्स, एफ/५.६ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता १६००, शटर १/१५ सेकंद उघडे. लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, त्यामुळे मागची भिंत स्वच्छ आली होती. पण स्थिरीकरण माझा हात सावरते, आईचा नाही. त्या वयातल्या बोटांच्या थरथरीला १/१५ सेकंद फार मोठा काळ आहे.

बैठकीत ती चित्रे दाखवली. एकाने फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा सुचवला, दुसऱ्याने ५० मि.मी. एफ/१.८ची लेन्स. आयएसओ सोळाशेच्या वर नेऊ नकोस, चित्र दाणेदार होते, हा सल्ला तर मी आधीच पाळत होते. कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मात्र चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "खिडकी कुठे होती?"

खिडकी आईपासून तीन मीटरवर होती. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची खिडकीला लागून, जेमतेम एका मीटरवर आणली. एफ तोच, आयएसओ तोच, शटर थेट १/१००वर गेले. दोरा स्पष्ट आला आणि नखावरची रेघसुद्धा दिसली.

मग मी वहीत हिशेब मांडला. सवयच आहे. प्रकाश दुप्पट झाला की त्याला छायाचित्रणात एक स्टॉप म्हणतात. १/१५ वरून १/१०० म्हणजे पावणेसात पट, म्हणजे पावणेतीन स्टॉप. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मि.मी.; माझा सुमारे २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६७. गुणोत्तर सव्वादोनच्या थोडे वर. एफ आणि चौकट तीच ठेवली तर नव्या कॅमेऱ्याने मला सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा दिला असता. खुर्ची सरकवून त्याच्या दुपटीहून जास्त मिळाला.

लेन्सचा सल्ला चुकीचा नव्हता, हेही लिहायला हवे. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की साडेनऊच्या वर येते, म्हणजे सव्वातीन स्टॉप, खिडकीपेक्षाही जास्त. पण एक मीटरवरून एफ/१.८ला स्पष्ट दिसणारी खोली फक्त तीन सेंटीमीटरच्या आसपास असते. सुई धारदार आली असती आणि आईचा चेहरा विरघळून गेला असता. एफ/५.६ला चेहरा मऊ आला, पण रोखलेला श्वास ओळखू येतो. मला काय दाखवायचे आहे हे लेन्स सुचवणाऱ्याने विचारलेच नव्हते, आणि ते कळल्याशिवाय सल्ला बरोबर की चूक हे ठरत नाही. आयएसओच्या सल्ल्याबद्दल मात्र मी ठाम आहे: आता बेधडक ६४०० लावते. दाणेदार चित्र बघवते, हललेले बघवत नाही.

अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचे १९४१ मधले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल: न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र, खाली थडग्यांवरचे पांढरे क्रॉस. उजेड सरत होता आणि त्यांना प्रकाश मोजणारे एक्स्पोजर मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती किती असते हा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी हिशेब केला आणि शटर दाबले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून मला कळले. त्यांचा कॅमेरा कोणता होता हे वाचून मी काहीच शिकले नसते. चंद्रावर पडतो तो भर दुपारचा सूर्यप्रकाशच, म्हणून चंद्राला फार वेळ एक्स्पोजर द्यायचे नसते, हे मात्र मी त्यातूनच शिकले.

तर विनंती अशी. छायाचित्राखाली कॅमेऱ्याच्या नावाच्या जागी, किंवा हवे तर नावासोबत, चार आकडे छापावेत: फोकल लेंग्थ (लेन्सचा मि.मी.चा आकडा), एफ, शटर, आयएसओ. ते मूळ फाइलमध्येच नोंदलेले असतात, फक्त फोनवरून मेसेजने पाठवताना बरेचदा गळून पडतात. म्हणून वाचकांकडून ते वेगळे लिहून मागवावेत. आणि एक वाक्य: प्रकाश कुठून येत होता. घरट्यातल्या पक्ष्यांचे छायाचित्र असेल तर ठिकाण मात्र छापू नये, तिथे गर्दी झाली की पक्षी घरटे सोडतात.

अधूनमधून एखादे फसलेले छायाचित्रही छापता आले तर फार बरे होईल. माझ्या सात हललेल्या फ्रेम मी जपून ठेवल्या आहेत. बैठकीला नवीन कुणी आले की आधी त्याच दाखवते, मग खिडकीजवळची आठवी. आठवी आधी दाखवली तर लोक "वा, सुरेख" म्हणून पुढचे चित्र मागतात. सात पाहून आठवी पाहिली की विचारतात, मधे काय बदलले? एका मुलीने तर काही न विचारता उठून स्वतःची खुर्ची खिडकीशी नेऊन पाहिली.

सोबत दोन प्रिंट पाठवत आहे, तिसरी आणि आठवी फ्रेम. मागे पेन्सिलने लिहिले आहे:

तिसरी: ५५ मि.मी., एफ/५.६, १/१५, आयएसओ १६००. खिडकी डावीकडे, तीन मीटरवर.

आठवी: ५५ मि.मी., एफ/५.६, १/१००, आयएसओ १६००. खिडकी डावीकडे, एक मीटरवर. दोरा पहिल्याच प्रयत्नात ओवला गेला.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका