सही तुझी आहे

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

कर्जाच्या अर्जांची पहिली चाळणी आता एआय करतं, शेवटची सही तेवढी तुझी, असं तू परवा फोनवर म्हणालीस. काम हलकं झालं म्हणून तू खूश होतीस. माझं मन मात्र त्या सहीपाशीच अडकलंय.

यंत्र चुकतं याचं मला नवल नाही, माणसंही चुकतात. पण माणूस निदान चाचरतो, 'बघून सांगतो' म्हणतो. हे यंत्र शोभेलसं वाक्य जुळवतं. ते खरं की खोटं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाने चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले. त्यातले काही मुळात झालेच नव्हते. बरं, त्याने खात्री केली नव्हती असंही नाही! 'हा खटला खरा ना?' असं त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. पाच हजार डॉलरचा दंड झाला तो वकिलांना आणि त्यांच्या फर्मला.

तिथे समोर विरुद्ध बाजूचे वकील आणि न्यायाधीश होते, म्हणून उघडकीला आलं. नेदरलँड्समध्ये मात्र ते वेळीच उघडकीला आलं नाही. पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पालकांना पैसे देई, आणि त्यात लबाडी कोण करतंय याचा अंदाज संगणक बांधे. अर्जदार डच नागरिक नसला की धोक्याचा आकडा वाढायचा. असा अर्ज कर्मचाऱ्यापुढे यायचा, पण संशय कशावरून, हे त्याला कळायचं नाही. कुठे एखादी सही राहिली, एवढ्यावरून वर्षभराचे पैसे परत मागितले गेले. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, काहींचे संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला, पण तोवर वर्षं उलटून गेली होती.

मला त्या कर्मचाऱ्याच्या जागी तू दिसतेस, म्हणून एवढं लिहितेय. यंत्र तोडून टाका म्हणणाऱ्यांतली मी नाही. साचलेल्या फायलींचा ढीग मीही उपसलाय. पण तुझ्या स्क्रीनवर नुसता आकडा येतो की कारणही येतं? तू यंत्राच्या विरुद्ध निर्णय दिलास, तर वरचे तुझ्याकडेच खुलासा मागतात का? मागत असतील, तर ती तपासणी नावापुरतीच. नाकारलेले थोडे अर्ज काढून स्वतः वाच. एकाच वस्तीतले, एकाच तऱ्हेच्या नावांचे निघाले, तर साहेबांना लेखी कळव आणि प्रत स्वतःजवळ ठेव.

आणि अर्ज फेटाळल्याचं पत्र जातं, त्यात दाद कुणाकडे मागायची हे छापलेलं असतं का? बघून सांग.

तुझी,
आई